बिल्ला, म्हैस आणि दुधाचं अनुदान

आपलं बेला म्हणजे घरात मराठी आणि कचेरीत तेलुगू. 1956 साली भाषावार राज्यं झाली, तेव्हा जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातले राजुरा, किनवट तिकडे मुंबई राज्यात गेले. बेला इकडेच राहिलं. पैनगंगेपलीकडे यवतमाळ. सोयरीक दोन्हीकडे, पण दुधाला सरकारी मदत मिळायचे नियम वेगवेगळे. बँकेत असताना असल्या नियमांशी माझा रोजचा संबंध आला, म्हणून हा जुना हिशेब मांडतो.

1969 साली 14 बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि बँक खेड्यात आली. पुढे 1980 पासून एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम देशभर लागू झाला. म्हशीच्या कर्जावर लहान शेतकऱ्याला 25 टक्के, सीमांत शेतकरी आणि मजुराला 33⅓ टक्के, आदिवासी कुटुंबाला 50 टक्के सबसिडी, ठरलेल्या मर्यादेपर्यंत. म्हशीचा विमा काढायचा, कानात बिल्ला मारायचा. म्हैस मेली तर डॉक्टरचा दाखला आणि तो बिल्ला जोडायचा. बिल्ला नाही तर दावा नाही!

आमच्या शाखेतल्या एका गोंड बाईची म्हैस मेली. बिल्ला आधीच कुठंतरी काटेरी झुडपात अडकून पडला होता. पंचनामा झाला, अख्खं गाव साक्षीला उभं राहिलं, तरी दावा नामंजूर. म्हैस गेली, कर्ज मात्र वहीत राहिलं. मजुरी करून तिनं ते फेडलं.

नियम उगाच केला नव्हता, हेही खरं. एकच म्हैस दोघातिघांच्या नावावर दाखवून सबसिडी उचलल्याचे प्रकार त्या काळी सगळीकडे चर्चेत होते. तपासणी हवीच. पण ती चुकवणारा माणूस कागदात पक्का असतो, आणि अडकतो तो अंगठा लावणारा.

डेअऱ्यांचे नियम मात्र काळाबरोबर सैल झाले. 1992 च्या केंद्राच्या दूध आदेशानं दिवसाला 10,000 लिटरपेक्षा जास्त दूध हाताळणाऱ्याला नोंदणी सक्तीची केली, संकलनाचं क्षेत्रही ठरवून दिलं. 2002 साली क्षेत्राची अट काढून टाकली. खासगी डेअऱ्यांना गावोगाव दूध गोळा करणं सोपं झालं. सरकारला नियम सोपे करता येत नाहीत असं नाही, फक्त ती सवलत उत्पादकाच्या दारापर्यंत पोचली नाही.

आता 2024 चं महाराष्ट्र बघा. गायीच्या दुधाचे भाव पडले म्हणून 11 जानेवारीपासून लिटरला 5 रुपये अनुदान सुरू झालं. डेअरीनं 3.5 फॅट, 8.5 एसएनएफच्या दुधाला किमान 27 रुपये द्यायचे आणि अनुदान थेट शेतकऱ्याच्या खात्यात. ऑक्टोबरपासून 28 रुपये भाव आणि 7 रुपये अनुदान. कल्पना चांगलीच. पण गायीच्या कानात 12 अंकी बिल्ला, त्याची ऑनलाइन नोंद, आधार जोडलेलं खातं आणि डेअरीनं भरलेली माहिती, हे सगळं जुळायला हवं होतं. म्हशीचं दूध त्यात नव्हतंच. चाळीस वर्षांनी बिल्ला पुन्हा आला, यावेळी मेलेल्या नाही, जित्या जनावरासाठी!

आपल्या तेलंगणात 2014 साली लिटरला 4 रुपये प्रोत्साहन सुरू झालं, ते विजया डेअरीला दूध घालणाऱ्यांना. 2017 मध्ये काही इतर सहकारी डेअऱ्यांचाही समावेश झाला. तरी दूध कुणाला घालता यावर मदत ठरत होती. ज्याच्या गावात सहकारी केंद्रच नव्हतं, त्यानं काय करायचं?

माझ्या मते चारच गोष्टी कराव्यात. एकदा नोंदलेल्या जनावराचा बिल्ला हरवला तर नवा लगेच आणि फुकट मारावा, तोवर पैसे थांबवू नयेत. रोजच्या दुधाची पावती हाच पुरावा धरावा. दूध कुठल्या डेअरीला गेलं हे बघू नये. आणि पैसे अडले तर कारण त्याच्या भाषेत कळवावं. आपल्याकडे तेलुगूबरोबर मराठीतही. बनवेगिरी पकडायला पावत्यांची तपासणी पुरेशी आहे.

ज्यांच्या घरी अजून गोठा आहे त्यांनी म्हाताऱ्या माणसांचं खातं आधारला जोडलंय का, तेवढं बघून घ्या. आणि त्या कर्जांच्या म्हशी कुणाच्या दारात होत्या, हे कुणाला आठवत असेल तर खाली जरूर लिहा.