खाजण सरोवरांवरचा बर्फ : प्रस्तावना

समुद्र आणि जमीन यांच्यामध्ये वाळूचा दांडा तयार झाला की त्याच्या आड उथळ पाणी अडकते. शाळेच्या भूगोलात आपण त्याला खाजण सरोवर म्हणायला शिकलो आणि उदाहरणे पाठ केली ती चिल्का आणि पुलिकतची. उत्तरेकडच्या अशा कित्येक सरोवरांचे जगणे हिवाळ्यातल्या बर्फावर बेतलेले आहे, आणि तो बर्फ आता भरवशाचा राहिलेला नाही.

सुरुवात बाल्टिकच्या काठच्या कुरोनियन खाजणापासून करावी. लिथुआनिया आणि रशियाचा कालिनिनग्राद प्रांत यांच्यात विभागलेले हे पाणी सुमारे १,५८४ चौरस किलोमीटर पसरले आहे, पण त्याची सरासरी खोली जेमतेम ३.८ मीटर. ९८ किलोमीटर लांबीचा वाळूचा दांडा त्याला समुद्रापासून वेगळे करतो. नेमुनास नदीमुळे पाणी बहुतांशी गोडे. खोल तलाव उन्हाळ्याची ऊब बरेच दिवस धरून ठेवतो. या पाण्याकडे तेवढा साठाच नाही. म्हणून ते पटकन गोठते, पटकन मोकळे होते.

बर्फाच्या जाडीचा नियम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस योझेफ स्टेफान यांनी मांडला : जाडी ही साठत गेलेल्या थंडीच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढते. थंडी निम्मी झाली तरी जाडी सुमारे सत्तर टक्के उरते. हे वाचून दिलासा वाटतो, पण तो फसवा आहे. बर्फ एकदा धरला की जागेवर राहतो, हे त्या गणितात गृहीत असते. इथे जानेवारीचे सरासरी तापमान शून्याच्या जरासेच खाली असते. हिवाळा एक-दोन अंशांनी उबला की बर्फ धरतो, वाऱ्याने फुटतो, पुन्हा धरतो. म्हणून माझ्या मते बर्फ किती जाड यापेक्षा तो सलग किती दिवस टिकला, हा या क्षेत्राचा खरा प्रश्न आहे.

नेमुनासच्या मुखाकडच्या गावांना ही अधांतरी अवस्था पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. बर्फ पायाखाली पक्का नाही आणि होडी घालावी तर पाणी मोकळे नाही. त्या दिवसांना तिथे ‘शाक्तार्पिस’ म्हणतात. पूर्वी ते हिवाळ्याच्या दोन टोकांना यायचे. उबदार वर्षी ते ऐन मध्यावरही येऊ शकतात. गोठल्याची एक आणि फुटल्याची एक, अशा दोनच तारखा लिहिणाऱ्या नोंदवहीत मधली ही फुटतूट दिसतच नाही.

मासेमारांना मात्र ती लगेच जाणवते. इथली जुनी पद्धत अशी : बर्फाला भोके पाडून खाली जाळे सोडायचे, एका फळीचे टोक भोकातून पाण्यात घालायचे आणि तिच्यावर ठोके मारत राहायचे. आवाजाने स्मेल्ट मासे जाळ्याकडे वळतात. माणसांचा भार पेलणारा बर्फ नसेल तर ही मासेमारी होतच नाही.

बर्फाचे झाकण नसले की वारा थेट पाण्याला भिडतो. लाटा तळाचा गाळ ढवळतात, त्यासोबत फॉस्फरसही वर येऊ शकतो, आणि हिवाळी वादळांत काठ झिजतात. तरीही बर्फ जाणे म्हणजे सगळे नुकसानच, असे म्हणणे घाईचे ठरेल. जाड बर्फ आणि त्यावर साचलेला हिम यांनी उजेड अडतो, पाण्यातला प्राणवायू घटतो आणि कधी मासे गुदमरून मरतात. मोकळ्या पाण्यात हा धोका कमी असतो. नफा-तोट्याचा हा हिशेब प्रत्येक खाजणाला वेगळा मांडावा लागतो. तलावांचे अभ्यासक या पाण्याला समुद्राचे मानत आले आणि समुद्राचे अभ्यासक तलावाचे, म्हणून तो बराचसा मांडायचाच राहिला आहे.

पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्यालाही या कामात हात घालता येईल. सेंटिनल-१ उपग्रहाची २०१४ पासूनची रडारचित्रे विनामूल्य मिळतात आणि ढग किंवा रात्र यांचा त्यांना अडथळा होत नाही. एवढे मात्र सांभाळा : शांत पाणी आणि गुळगुळीत पातळ बर्फ रडारला सारखेच काळे दिसतात. म्हणून निदान पहिल्या हिवाळ्याची चित्रे तरी जवळच्या हवामान केंद्राचे रोजचे तापमान आणि वारा शेजारी ठेवूनच वाचा.