रुग्णालयाची पारख

उज्जयिनी हे काळ मोजणारे नगर. प्राचीन ज्योतिर्विदांनी आपली मध्यरेषा या नगरीवरून कल्पिली आणि अठराव्या शतकात सवाई जयसिंहाने येथे वेधशाळा उभारली. शिंद्यांच्या राजवटीमुळे मराठी माणसाचेही या नगरीशी घरोब्याचे नाते जडले. परंतु सूर्याची छाया मोजणे सोपे. सरकारी रुग्णालयात आलेल्या गरीब बाळंतिणीची शुश्रूषा कशी झाली, हे मोजणे त्याहून कितीतरी अवघड.

हा प्रश्न आजचा नव्हे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. प्रत्येकाचे चार गुण मोजून दिले आहेत. वैद्याला शास्त्रज्ञानाबरोबर अनुभव व हस्तकौशल्य हवे. परिचारकाला शुश्रूषेचे ज्ञान, दक्षता व रोग्याविषयी ममता हवी. आणि शुचिता तर दोघांनाही हवी. रुग्णगृह भक्कम, प्रशस्त आणि हवेशीर असावे, हेही तेथे सांगितले आहे. रुग्णालयाची पारख करण्याची ही एक जुनी कसोटीच होय.

पण रुग्णालय स्वतःच रोगाचे घर होऊ शकते, हे आकड्यांनी दाखविले ते व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात. तेथील एका प्रसूतिकक्षात विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी. 1846 साली पहिल्या कक्षात शंभरांत सुमारे अकरा माता दगावल्या, दुसऱ्यात तिनांहूनही कमी. शवविच्छेदन करून आलेले हातच मृत्यू वाहून आणतात, हे इग्नाझ सेमेलवाइस यांनी ओळखले आणि 1847 मध्ये क्लोरीनच्या पाण्याने हात धुण्याचा दंडक घातला. पुढच्याच वर्षी पहिल्या कक्षातील मृत्यूंचे प्रमाण सव्वा टक्क्याच्या आसपास आले. नवी इमारत बांधली नव्हती, नवे औषधही सापडले नव्हते. मृत्यूंची प्रामाणिक मोजदाद मात्र झाली होती.

भारतात 2005 साली जननी सुरक्षा योजना सुरू झाली. सरकारी रुग्णालयात प्रसूत होणाऱ्या मध्य प्रदेशातील ग्रामीण मातेला 1,400 रुपये मिळू लागले. उज्जैन जिल्ह्यातील 418 मातांची एक पाहणी 2012 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांपैकी 318 जणी या योजनेतून प्रसूत झाल्या होत्या. घरी बाळंत झालेल्या अवघ्या 71. दाराशी आलेल्या मातांची गणती अशी समाधानकारक होती. पण दाराच्या आत काय? राज्यातील तीन जिल्ह्यांत, 73 संस्थांतील 233 परिचारिकांपुढे प्रसूतीतील संकटांचे कल्पित प्रसंग ठेवण्यात आले. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेला त्याचा निष्कर्ष चिंताजनक होता : विसांपैकी सरासरी गुण साडेपाचही भरले नाहीत. याचा दोष एकट्या परिचारिकेच्या पदरी बांधणे अन्यायाचे ठरेल. जिला शिकविले नाही, तिला जाब विचारून माता वाचत नाही.

अमेरिकेतील वैद्य अवेडिस डोनाबेडियन यांनी 1966 मध्ये या पारखीची तीन अंगे सांगितली : साधने, प्रत्यक्ष उपचार आणि त्यांचे फळ. 2013 मध्ये भारत सरकारने सार्वजनिक रुग्णालयांसाठी जी राष्ट्रीय मानके ठरविली, त्यांत ही तिन्ही अंगे दिसतात. रुग्णांचे हक्क, जंतुसंसर्गाचे नियंत्रण, प्रत्यक्ष उपचार अशा आठ बाबी त्यांत आहेत. परीक्षक प्रत्यक्ष पाहतात, कागद तपासतात, कर्मचाऱ्यांना विचारतात आणि रोग्यालाही विचारतात. 2017 पासून प्रसूतिकक्षांसाठी ‘लक्ष्य’ हा स्वतंत्र उपक्रमही आला.

मात्र परीक्षेच्या दिवशी धुतलेली फरशी ही पारख नव्हे. धनिकाला दुसरे दार असते. गरिबाला बहुधा हे एकच. म्हणून मध्यरात्री, कोणी पाहत नसताना, रक्तस्राव होणाऱ्या अनोळखी स्त्रीजवळ धुतलेले हात आणि योग्य औषध वेळेवर पोहोचते काय, हीच सरकारी रुग्णालयाची खरी कसोटी. काळ मोजणाऱ्या नगरीला त्या काही मिनिटांचे मोल निराळे सांगावयास नको.