उच्च शिक्षणाची भाषा : कैरो, दमास्कस आणि मुरबाड

अरब देशांतील उच्च शिक्षणाचा इतिहास दहाव्या शतकातील अल्‌-अझहरपासून सांगण्याचा प्रघात आहे. परंतु आधुनिक विद्यांच्या दृष्टीने निर्णायक प्रश्न एकोणिसाव्या शतकात उभा राहिला : नवे शास्त्र कोणत्या भाषेतून शिकवावे? त्याच शतकात मुंबई इलाख्यातही हाच वाद झाला आणि त्यातील एक प्रमुख पुरुष, नाना शंकरशेट, मूळचे मुरबाडचे होते. म्हणून हे दोन इतिहास शेजारी ठेवून पाहणे उद्बोधक ठरते.

इजिप्तमध्ये महंमद अलीच्या कारकीर्दीत, १८२७ साली, क्लो बे या फ्रेंच वैद्याच्या नेतृत्वाखाली अबू झाबल येथे वैद्यक विद्यालय निघाले. अध्यापक युरोपीय, विद्यार्थी अरबी भाषक. तेव्हा दुभाष्यांनी व्याख्याने अरबीत उतरविली. १८३५ मध्ये भाषाविद्यालय निघाले. त्याची धुरा रिफाआ अत्‌-तहतावी यांनी वाहिली. भाषांतरित ग्रंथ बुलाकच्या सरकारी छापखान्यातून बाहेर पडू लागले. अर्धशतकाहून अधिक काळ अरबीने हे कार्य केले. १८८२ मध्ये इंग्रजांनी देशाचा ताबा घेतल्यावर मात्र वैद्यकाचे अध्यापन इंग्रजीत गेले. भाषा असमर्थ ठरली नव्हती. सत्ता बदलली होती.

मुंबईच्या शिक्षण मंडळात १८४७ च्या सुमारास असाच पेच पडला. अध्यक्ष अर्स्किन पेरी यांचा कल इंग्रजीकडे होता. कर्नल जर्विस आणि नाना शंकरशेट, फ्रामजी कावसजी, महंमद इब्राहिम मकबा हे एतद्देशीय सभासद देशी भाषांच्या बाजूने उभे राहिले. ज्ञान लोकांत पसरविणे हा हेतू असेल तर ते लोकभाषेतूनच दिले पाहिजे, हे नानांच्या टिपणाचे सार होते. पुढे १८५४ चा वुडचा खलिता आला, १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि उच्च शिक्षणात इंग्रजीचेच आसन स्थिर झाले.

दमास्कसने निराळा मार्ग धरला. तेथील वैद्यक विद्यालयात तुर्की अंमलात तुर्कीतून अध्यापन होई. १९१९ मध्ये ते अरबीत आले आणि आजतागायत तसेच चालू आहे. उलट आखाती देशांतील कित्येक नव्या विद्यापीठांत विज्ञान इंग्रजीतून शिकविले जाते. पहिल्या मार्गात नव्या संशोधनाशी संबंध राखण्यासाठी भाषांतराचा भार अखंड वाहावा लागतो. दुसऱ्यात विद्या समाजापासून दुरावण्याचे भय असते.

शिवाय ग्रांथिक अरबी ही कोणाच्याही घरची बोली नव्हे. कैरोचा विद्यार्थी घरी एक भाषा बोलतो, ग्रंथात दुसरी वाचतो. मुरबाड तालुक्यातील धसईच्या परिसरात ठाकर वा कातकरी घरातून आलेल्या मुलाची स्थिती याहून फारशी वेगळी नाही. त्याला प्रमाण मराठी ही पहिली पायरी चढावी लागते आणि महाविद्यालयात इंग्रजी ही दुसरी. ‘स्वभाषेतून शिक्षण’ म्हणताना कोणाची स्वभाषा, हा प्रश्न म्हणूनच टाळता येत नाही.

अरब समाजांतील उच्च शिक्षणाचे सामर्थ्य केवळ इमारती व निधी यांवरून मोजता येणार नाही. परिभाषा, पाठ्यग्रंथ आणि त्या भाषेतून शिकलेल्यास मिळणारी नोकरी, या तिन्ही गोष्टी एका पिढीहून अधिक काळ एकत्र टिकल्या तरच भाषा विद्येची वाहक बनते. कैरोत ही साखळी तुटली, दमास्कसमध्ये टिकली, मुंबईत ती पुरती जुळलीच नाही. नानांनी मांडलेला प्रश्न त्यामुळे त्यांच्याच तालुक्यात अद्याप उत्तराची वाट पाहत आहे.