हायस्कुलातला दुसरा दरवाजा



“पोरगा मॅट्रिक झाला, आता तो कशाचा हाताला माती लावतोय!” हे वाक्य आपल्याकडे अभिमानानेही बोलले गेले आहे आणि कपाळावर हात मारूनही. हायस्कुलातल्या मुलाला पुस्तकाबरोबर एखादे हातचे काम शिकवावे, हा विचार तसा जुनाच आहे. एकशेचाळीस वर्षांत जो जो आयोग बसला, त्याने हीच शिफारस थोड्याफार फरकाने केली, आणि बहुतेक वेळा ती कागदावरच राहिली. ती का राहिली, आणि कोठे मुळे धरून वाढली, ते आज पाहू या.

1882 साली सरकारने सर विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला. हायस्कुलाच्या वरच्या वर्गांत दोन वाटा असाव्यात, असे या आयोगाने सुचवले. एक वाट विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेकडे जाणारी, आणि दुसरी व्यापार-उदीम व इतर व्यवहारी कामांकडे नेणारी. सूचना शहाणपणाची होती. पण सरकारी नोकरीची किल्ली होती पहिल्या वाटेवर. मग दुसरीकडे कोण फिरकणार? थोडी मुले गेली, आणि तीही बहुधा नाइलाज म्हणून.

याच आयोगापुढे पुण्याच्या एका गृहस्थांनी निवेदन दिले होते. स्वतःची ओळख त्यांनी व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपालिटीचे सभासद अशी करून दिली होती. हे जोतीराव फुले. प्राथमिक शाळेत मोडी, बाळबोध आणि हिशेब यांच्याबरोबर शेतीचेही ज्ञान द्यावे, आणि शाळेला जोडून एक लहानसे नमुन्याचे शेत असावे, असे त्यांनी मागितले. शिक्षकही होता होईल तो शेतकरी वर्गातून तयार करावेत, ज्यांना वेळ पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हातात धरायची लाज वाटणार नाही. आयोगाचे लक्ष अभ्यासक्रमाच्या वाटणीकडे होते. जोतीरावांनी बोट ठेवले ते शिकवणाऱ्याच्या हातावर. माझ्या मते पुढच्या सगळ्या कथेचे मर्म इथेच सापडते.

पुढे 1937 च्या ऑक्टोबरात वर्ध्याला महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. सात ते चौदा वर्षांच्या मुलांचे सगळे शिक्षण एखाद्या उद्योगाभोवती गुंफावे, असा तिचा गाभा. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने त्याचा आराखडा केला. आपल्याकडे ‘मूलोद्योग’ हा शब्द घरोघर गेला तो यातूनच. टकळी गरागरा फिरली, सूत निघाले. पण पुष्कळ शाळांत त्या सुताचा गणिताशी, भूगोलाशी सांधा काही जुळला नाही. मास्तरांनाच तो कोणी नीट दाखवला नव्हता. शिवाय सातवीपर्यंत टकळी आणि आठवीपासून हायस्कूल मात्र जुन्याच वळणाचे! मग आईबापांनी विचारले, “ही टकळी पुढं कुठं कामाला येणार?” त्यांचे काय चुकले?

स्वातंत्र्यानंतर 1952-53 मध्ये डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या आयोगाने बहुउद्देशी माध्यमिक शाळा सुचवल्या. एकाच शाळेत तंत्रविद्या, वाणिज्य, शेती, गृहविज्ञान अशा निरनिराळ्या शाखा असाव्यात. यंत्रे आणायला पैसा आणि ती चालवून दाखवायला माणूस, दोन्हींची वाण पडली.

इथे जरा थांबून मद्रासकडे पाहू, कारण आईबापांच्या मनातली खरी भीती तिथे उघडी पडली. 1953 साली तेथील मुख्यमंत्री राजगोपालाचारी यांनी खेड्यातल्या प्राथमिक शाळांसाठी नवी योजना आणली. मुलांनी शाळेत थोडाच वेळ बसावे आणि उरलेल्या वेळात घरी बापाचा धंदा शिकावा. लोकांनी तिला नाव दिले ‘कुलकल्वी’, म्हणजे कुळाच्या धंद्याचे शिक्षण. कुंभाराच्या पोराने कुंभारच व्हावे, चांभाराच्या पोराने चांभारच, असा त्याचा अर्थ घेतला गेला. पेरियार रामस्वामींनी रान उठवले. 1954 च्या एप्रिलात राजाजी पायउतार झाले आणि त्यांच्या जागी आलेल्या कामराजांनी महिन्याभरातच ती योजना गुंडाळली. मंडळी, शिकलेल्या घरांतून ‘हाताला काम द्या’ असा उपदेश येतो, तेव्हा गरीब बाप मनात म्हणतो, “तुमच्या पोरांना का नाही देत?” हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. आपल्या देशात धंदा जातीला चिकटलेला होता. शाळा ही त्यातून सुटण्याची एकमेव फट होती.

आणि हे केवळ आपल्याकडचेच नव्हे. फिलिप फॉस्टर या अभ्यासकाने 1965 मध्ये आफ्रिकेतल्या घाना देशाबद्दल असेच लिहिले. तिथली मुले पुस्तकी शाळा निवडत, कारण पगार आणि मान त्या बाजूला होता. मुलांचा हिशेब चोख होता. नुसता अभ्यासक्रम बदलून तो बदलत नाही, असे त्याचे म्हणणे.

असो. 1964 ते 66 मध्ये डॉ. दौलतसिंग कोठारी यांचा आयोग झाला. त्याचे सदस्य-सचिव होते आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातले जे. पी. नाईक. या आयोगाने ‘कार्यानुभव’ सर्वांना लागू करावा असे म्हटले आणि एक आकडाही मांडला: 1986 पर्यंत दहावीनंतरची निम्मी मुले व्यवसायशिक्षणात असावीत. 1986 उजाडले. त्या वर्षीच्या राष्ट्रीय धोरणाने नवे लक्ष्य ठेवले ते 1990 पर्यंत दहा टक्क्यांचे! निम्म्यावरून दहा टक्क्यांवर आलो, यातच सगळे आले. अकरावी-बारावीला व्यवसाय अभ्यासक्रम निघाले, काही मुलांचे त्यात भलेही झाले. पण कमी गुण मिळालेल्यांची सोय, हा शिक्का काही पुसला गेला नाही. दुसरा दरवाजा तो दुसराच राहिला.

आता पाबळची गोष्ट. पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यातले हे कमी पावसाचे गाव. डॉ. श्रीनाथ कालबाग हे अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात डॉक्टरेट केलेले अन्नतंत्रज्ञ. मोठ्या कंपनीच्या संशोधन विभागातली नोकरी सोडून 1983 मध्ये ते पाबळला येऊन राहिले आणि ‘विज्ञान आश्रम’ काढला. जे. पी. नाईकांनी स्थापन केलेल्या भारतीय शिक्षण संस्थेचेच हे एक केंद्र होते. कालबागांनी वेगळी शाखा काढलीच नाही. गावच्या हायस्कुलातल्या आठवी ते दहावीच्या मुलामुलींनी आठवड्यातला एक दिवस कामावर घालवायचा, बाकीचे दिवस नेहमीचा अभ्यास. कामाचे चार विभाग होते: अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, गृह व आरोग्य, आणि शेती व पशुपालन. जो विभाग आवडेल तो घ्यायचा असे नव्हे, सर्वांनी सर्व शिकायचे. मुलींनी वेल्डिंग करायचे आणि मुलांनी स्वयंपाकघरातले काम.

मुले माती तपासत, वायरिंग करत, वीट रचत, रक्तगट आणि रक्तातले हिमोग्लोबिन पाहत. आणि हे खोटे-खोटे नव्हे. गावाला हवे असलेले काम करायचे आणि त्याचे दाम घ्यायचे. गिऱ्हाईक पैसे मोजून देते, तेव्हा वेल्डिंगचा सांधा पक्का आहे की नाही हे ठरवायला परीक्षक लागत नाही. शिकवायला गावातलेच कसबी माणूस, मग त्याच्याकडे पदवी नसेना का. पुढे एस. एस. सी. बोर्डाने या विषयाला मान्यता दिली आणि राज्यातल्या इतर शाळांतही तो गेला. या मुलांना दहावीनंतर कॉलेजची वाट मोकळी होती, हे बापाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे. डॉ. कालबाग 2003 मध्ये वारले; आश्रमाचे काम त्यांच्यामागेही चालू राहिले.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पुन्हा आकडा घातला: 2025 पर्यंत निदान निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसायशिक्षणाची ओळख व्हावी. आकड्यांचे काय होते ते आपण पाहिलेच आहे. पण त्याच धोरणात एक बारीकशी तरतूद आहे, तिच्याकडे शिक्षकांनी लक्ष द्यावे. सहावी ते आठवीच्या काळात प्रत्येक मुलाने दहा दिवस दप्तर घरी ठेवून गावातल्या सुताराकडे, माळ्याकडे, कुंभाराकडे, कलावंताकडे उमेदवारी करावी. कोणी कोणाकडे जायचे, याची यादी करताना एवढेच पाहा, की सुताराचा मुलगा माळ्याकडे जाईल आणि तलाठ्याची मुलगी सुताराकडे.