मागील स्वे बार

मागील स्वे बार हा मोटारगाडीच्या मागील दोन्ही चाकांच्या सस्पेन्शनला जोडणारा पोलादी दांडा होय. यास अँटी-रोल बार किंवा स्टॅबिलायझर बार असेही म्हणतात. वळणावर गाडीचा सांगाडा बाहेरच्या बाजूस कलू लागताच हा दांडा पिळला जातो आणि त्याच्या विरोधामुळे कल मर्यादित राहतो.

जाड दांड्याचा परिणाम
भरीव दांड्याचा ताठपणा व्यासाच्या चतुर्थ घाताच्या प्रमाणात वाढतो. लांबी, आकार व धातू तेच ठेवून १६ मिमीऐवजी १८ मिमी व्यासाचा दांडा बसविल्यास ताठपणा सुमारे ६० टक्क्यांनी वाढतो. वळणावर पुढील चाकांची पकड तुलनेने सुधारते. परंतु दांडा अतिताठ असल्यास, विशेषतः ओल्या रस्त्यावर, गाडीची मागील बाजू घसरू शकते.

मर्यादा
औसा-लातूर परिसरातील काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. त्यामुळे तिच्यावरील रस्ते असमान खचतात. अशा रस्त्यांवर एका चाकास बसलेला धक्का ताठ दांड्यामार्फत दुसऱ्या चाकासही जाणवतो. कल कमी झाला, तरी उंच गाडी उलटण्याचा धोका नाहीसा होत नाही. तो मुख्यतः गुरुत्वमध्याची उंची, डाव्या-उजव्या चाकांतील अंतर, वळणाची त्रिज्या व वेग यांवर अवलंबून असतो. त्यामुळे जाड दांडा हा वळणावर वेग कमी करण्यास पर्याय ठरत नाही.