अकाली कळा थांबवणारी औषधे आणि नवजात बालकाची प्रकृती

गर्भारपणाचे ३७ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी झालेली प्रसूती अकाली मानली जाते. भारतात २०२० साली सुमारे ३० लाख बालके अशी जन्मली. ही संख्या जगातील कोणत्याही देशापेक्षा अधिक होती. मुदतीआधी कळा सुरू झाल्या की, रुग्णालय बंगळुरूच्या एचएसआर लेआउटमधील असो वा तालुक्याच्या गावचे, गर्भाशयाचे आकुंचन मंदावणारे औषध देण्याचा विचार होतो. मात्र यांतील बहुतेक औषधे वारेतून गर्भापर्यंतही पोहोचतात.

प्रसूती आठवडेच्या आठवडे लांबवणे हा या उपचाराचा हेतू नाही. साधारण ४८ तासांचा अवधी मिळाला तर आईला स्टेरॉइडची इंजेक्शने देऊन बाळाची फुप्फुसे सक्षम करता येतात आणि तिला सुसज्ज रुग्णालयात हलवता येते. या अवधीचे मोल बेळगावनेही पाहिले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांत केलेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तेथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाचा सहभाग होता. डेक्सामेथासोन दिलेल्या गटात २८ दिवसांच्या आतील बालमृत्यूंचे प्रमाण १९.६ टक्के, तर औषध न दिलेल्या गटात २३.५ टक्के आढळले.

सर्वाधिक सावधगिरी इंडोमेथासिनबाबत बाळगावी लागते. गर्भात फुप्फुसे कार्यरत नसल्याने रक्त डक्टस आर्टेरिओसस या वाहिनीतून वळवले जाते. या औषधाने ती वाहिनी जन्मापूर्वीच आकुंचन पावू शकते. गर्भाच्या मूत्रपिंडाचे कार्य मंदावून गर्भजलही घटते. अतिशय अपुऱ्या दिवसांच्या बालकांत आतड्याचा गंभीर दाह व मेंदूतील रक्तस्राव यांच्याशी त्याचा संबंध काही अभ्यासांत दिसला आहे. म्हणूनच ३२ आठवड्यांनंतर ते टाळतात आणि त्याआधीही सहसा ४८ तासांपलीकडे देत नाहीत.

रिटोड्रिन, टर्ब्युटालिन यांसारख्या औषधांनी आई व गर्भ दोघांच्याही हृदयाचे ठोके वाढतात. जन्मानंतर बाळाची रक्तशर्करा एकाएकी उतरू शकते. युरोपीय औषध संस्थेने २०१३ मध्ये अशा औषधांच्या गोळ्यांचा प्रसूतीसाठीचा वापर बंद करून इंजेक्शनांना ४८ तासांची मर्यादा घातली. त्याच वर्षी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मॅग्नेशियम सल्फेट पाच ते सात दिवसांहून अधिक दिल्यास बाळाच्या रक्तातील कॅल्शियम घटते व हाडे ठिसूळ होतात, असा इशारा दिला. परंतु हेच औषध ३२ आठवड्यांपूर्वी होणाऱ्या प्रसूतीत अल्पकाळ दिल्यास बाळाच्या मेंदूचे रक्षण करते. एकच औषध, पण हेतू व कालावधी बदलताच त्याचे फळही बदलते.

निफेडिपिन तुलनेने सुरक्षित व स्वस्त मानले जाते. आईचा रक्तदाब मात्र पाहत राहावा लागतो. अटोसिबानचे दुष्परिणाम कमी, पण किंमत जास्त. ३० ते ३४ आठवड्यांच्या गर्भवतींवरील, २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातील चाचणीत त्याने बालकांच्या प्रकृतीत सुधारणा दिसली नाही.

गर्भाशयात जंतुसंसर्ग, मोठा रक्तस्राव किंवा गर्भाची प्रकृती खालावलेली असल्यास कळा थांबवणेच धोक्याचे ठरते. आईला दुसऱ्या रुग्णालयात हलवताना औषधाचे नाव, मात्रा आणि शेवटच्या मात्रेची वेळ कागदावर नोंदवलेली असावी. बाळाची शर्करा तपासायची की कॅल्शियम, श्वासावर लक्ष ठेवायचे की लघवीच्या प्रमाणावर, हे बालरोगतज्ज्ञ त्या नोंदीवरून ठरवतात.