खारीचा वाटा आणि रानडुकराचा नारळ

आज सुरुवात एका शब्दप्रयोगापासून करतो. आपण इंदूरला राहत असा, बडोद्याला, हैदराबादला किंवा तंजावरला, मराठी बोलणारा माणूस वर्गणी देताना म्हणतोच, ‘आमचा आपला खारीचा वाटा.’ सेतू बांधताना खार वाळूत लोळली, अंगाला चिकटलेली वाळू तिने दगडांच्या फटीत झटकली, रामाने कौतुकाने पाठीवरून बोटं फिरवली आणि पट्टे उमटले. ही गोष्ट तुम्हाला मी सांगायला नको.

पण ती वाल्मीकी रामायणात नाही. तिचा जुना उल्लेख सापडतो तो तमिळमध्ये, तोंडरडिप्पोडी आळ्वारांच्या ‘तिरुमालै’त. हे आळ्वार साधारण आठव्या-नवव्या शतकातले मानले जातात. तिथे खारी पाण्यात बुडी मारतात, वाळूत लोळतात आणि सेतूच्या कामाला लागतात; पट्ट्यांचा विषय तिथे नाही. तेलुगू रंगनाथ रामायणात रामाचा हात पाठीवरून फिरतो. म्हणजे गोष्ट दक्षिणेतली. आणि गंमत बघा, दक्षिणेतल्या खारीच्या पाठीवर पट्टे तीन असतात, उत्तरेकडच्या खारीच्या पाठीवर पाच. दोन वेगळ्या जाती आहेत त्या. इंदूरच्या किंवा बडोद्याच्या श्रोत्यांनी अंगणातल्या खारीचे पट्टे मोजून पाहावेत. तीन बोटांचा हिशेब तिथे बहुधा जुळायचा नाही. गोष्ट मात्र सगळीकडे चालली. खारीला दगड मारणाऱ्या पोराला आजी ओरडते, ते याच गोष्टीच्या जोरावर.

मला प्रश्न पडतो तो पुढचा. ही माया किती खोल आहे?

मुघल चित्रकलेतलं एक फार सुंदर चित्र आहे, लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत. सतराव्या शतकाच्या अगदी सुरुवातीचं, बहुतेक अभ्यासकांच्या मते अबुल हसनचं. चिनाराचं भलंमोठं झाड, त्यावर उड्या मारणाऱ्या, पिल्लांशी खेळणाऱ्या लालसर खारी, आणि खाली झाडावर चढायच्या बेतात असलेला एक अनवाणी माणूस. खारीवर इतक्या प्रेमाने कुंचला चालवलेला मी दुसरीकडे पाहिलेला नाही. आता तो कुंचला कशाचा, ते ऐका. आपल्याकडच्या लघुचित्रकारांचा बारीक कुंचला परंपरेने खारीच्या शेपटीच्या केसांचा असायचा. ते केस पक्ष्याच्या पिसाच्या नळीत बसवायचे. त्या चित्रातला माणूस झाडावर कशासाठी चढतोय, हे चित्रकाराने सांगितलेलं नाही.

याला मी ढोंग म्हणणार नाही. त्या काळी प्राण्याची आवड आणि प्राण्याचा वापर यांत कुणाला विरोध दिसत नव्हता. क्रूरता हा सार्वजनिक, कायद्याचा प्रश्न झाला तो इंग्रजी अमलात. १८६१ मध्ये कोलकात्यात कोल्सवर्दी ग्रँट यांनी प्राण्यांवरील क्रूरता रोखणारी संस्था काढली, १८७४ मध्ये मुंबईत तशीच संस्था निघाली. त्यांचं लक्ष होतं रस्त्यावर: जखमी खांद्याने गाडी ओढणारे बैल, चाबकाखालचे घोडे. १८९० चा कायदा आला त्यात तर ‘प्राणी’ या शब्दाची व्याख्याच पाळीव किंवा पकडलेला प्राणी अशी होती. म्हणजे पिंजऱ्यातली खार प्राणी; झाडावरची खार कायद्याच्या लेखी प्राणीच नाही! त्याच सरकारच्या तिजोरीतून वाघ, बिबटे, लांडगे मारणाऱ्यांना बक्षिसं मिळत होती. शहरातल्या बैलासाठी दंड आणि रानातल्या जिवासाठी इनाम, अशी ती विभागणी होती.

ती मोडायला रुक्मिणीदेवी अरुंडेल लागल्या. आपण त्यांना भरतनाट्यम आणि कलाक्षेत्रासाठी ओळखतो. १९५२ मध्ये त्या राज्यसभेवर नियुक्त झाल्या आणि त्यांनी प्राण्यांच्या छळाविरुद्ध खाजगी विधेयक मांडलं. सरकारच कायदा आणेल असं नेहरूंनी आश्वासन दिल्यावर त्यांनी ते मागे घेतलं. १९६० च्या कायद्यात माणूस सोडून प्रत्येक सजीव ‘प्राणी’ ठरला. व्याख्या विशाल, पण शिक्षा काय? पहिल्या गुन्ह्याला जास्तीत जास्त पन्नास रुपये दंड. २०२० सालीही आकडा तोच होता.

१९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला. २०२२ च्या दुरुस्तीआधीच्या त्याच्या याद्या वाचण्यासारख्या आहेत. पाच पट्ट्यांच्या खारीला संरक्षण होतं, आणि उंदीर, घुशी, कावळे, वटवाघळं उपद्रवी म्हणून वेगळ्या यादीत होती. खार आणि उंदीर, दोघंही कुरतडणारेच. तुम्ही म्हणाल, खारीच्या पाठीशी राम आहे. अहो, उंदराच्या पाठीवर तर साक्षात गणपती आहे! मग नुसत्या गोष्टीने जीव वाचत नाही, हे उघड आहे. खार दिवसा दिसते, शेपटी फुगवते, दोन हातांत दाणा धरून खाते आणि धान्याच्या कोठारात सहसा शिरत नाही. जिथे ती नुकसान करते तिथलं मत निराळं असतं. केरळ-कर्नाटकात कोकोची फळं कुरतडणाऱ्या खारीबद्दल बागायतदाराला विचारून पाहा.

केरळचं नाव निघालंच आहे. २७ मे २०२० रोजी पालक्काड जिल्ह्यात एक गाभण हत्तीण वेल्लियार नदीत उभ्या उभ्या मेली. स्फोटकं भरलेलं फळ चावल्याने तिचा जबडा फाटला होता. वनखात्यातल्या एका अधिकाऱ्याने समाजमाध्यमावर तिच्याबद्दल लिहिलं आणि टाळेबंदीत घरी बसलेला देश हळहळला. ती हळहळ खरी होती, यात मला शंका नाही. पण दोन दिवसांत तिचं रूप पालटलं. घटना पालक्काडची असताना मोठमोठ्या लोकांनी नाव घेतलं शेजारच्या मलप्पुरमचं. तो मुस्लिमबहुल जिल्हा, आणि मग हत्तीण बाजूला राहून माणसांच्या एका समूहाला शिव्या सुरू झाल्या. कुणीतरी मुद्दाम अननस भरवला, असं सर्रास लिहिलं गेलं. तपासात निघालं ते वेगळंच: फळ बहुधा नारळ होतं, आणि ते ठेवलं होतं रानडुकरांसाठी.

इथे मी जरा थांबतो. असे बार पिकं वाचवायला आणि मांसासाठी रानडुकरांकरिता लावले जातात. हत्तिणीला जे झालं तेच डुकराला होतं. त्याचाही जबडा फाटतो, तेही खाता-पिता न येऊन काही दिवसांनी झुडपात मरतं. आणि हा तोच प्राणी, ज्याच्या रूपात विष्णूने पृथ्वी वर उचलली. त्या आठवड्यात अनेक लोकांनी हत्तिणीची चित्रं काढली, पोटातल्या पिल्लासकट. डुकराचं एकही माझ्या पाहण्यात आलं नाही. शेतकऱ्याची बाजूही फार कुणी मांडली नाही. एका रात्रीत कंद उकरून टाकलेलं शेत ज्याने पाहिलंय, त्याला डुकराचं प्रेम शिकवायला जाणं माझ्याच्याने व्हायचं नाही. पण गोळी आणि जबड्यात फुटणारा बार यांत फरक आहे, आणि तो फरक करण्याची ती वेळ होती.

मे २०२२ मध्ये केरळ सरकारने पिकांची नासाडी करणाऱ्या रानडुकरांना मारण्याची परवानगी देण्याचे अधिकार ग्रामपंचायतींच्या अध्यक्षांकडे दिले. त्या आदेशात स्फोटकं, विष आणि विजेच्या तारा वापरायला मनाई होती.